विश्लेषण : मजकूर आणि बाइट यांची सरमिसळ कशी पकडतात? मराठी नावांना तिचा फटका का बसतो?

अर्ज भरताना पडद्यावर नाव नीट दिसते, पण छापून आलेल्या पावतीवर त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग असते. कधी आडनावाचा शेवट तुटतो, कधी सबंध पत्ता अगम्य खुणांनी भरून जातो. तेच नाव इंग्रजीत टाकले की सारे सुरळीत चालते. त्यामुळे ‘या यंत्रणेत मराठी चालत नाही’ असा निष्कर्ष काढून माणसे पुढे जातात. खरे तर बहुतेक वेळा मराठीची काहीच अडचण नसते. मजकूर आणि कच्चे बाइट या दोन वेगळ्या गोष्टी प्रोग्रामने एकच समजलेल्या असतात. ही चूक जुनी आहे आणि ती पकडण्याची साधनेही उपलब्ध आहेत. तरीही ती वर्षानुवर्षे टिकते, कारण इंग्रजीत चाचणी घेतली की ती दिसतच नाही.

मजकूर आणि बाइट यांत फरक काय?

संगणकाच्या साठ्यात अक्षरे नसतात. तिथे ० ते २५५ यांपैकी एक किंमत धारण करणारे बाइट असतात. छायाचित्र, गाणे, हिशेबाची फाइल, पत्र हे सगळे शेवटी बाइटच. त्यातला कोणता आकडा कोणते अक्षर मानायचा, हा माणसांनी आपसांत केलेला करार असतो. या कराराला एन्कोडिंग म्हणतात. करार माहीत नसेल तर बाइट हे केवळ आकडे राहतात.

१९६३ मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ हे मानक आले. त्यात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजी अक्षरे, अंक व काही चिन्हे यांना पुरल्या. एक अक्षर म्हणजे एक बाइट, ही सवय तिथून लागली. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. युनिकोड प्रत्येक चिन्हाला क्रमांक देते. तो क्रमांक बाइटमध्ये कसा लिहायचा हे वेगळ्या पद्धतीने ठरते. त्यातली आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेली यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन.

‘मराठी’ हा शब्द घेऊ. वाचणाऱ्याला त्यात म, रा, ठी ही तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती पाच चिन्हे आहेत, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ मध्ये त्याचे १५ बाइट होतात. तीन, पाच आणि पंधरा ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. आपण यांतले नेमके काय मोजतो आहोत हे प्रोग्रामला ठाऊक नसले, की घोळ सुरू होतो.

गफलत नेमकी कुठे होते?

प्रोग्रामच्या सीमेवर. फाइल वाचताना, नेटवर्कवरून माहिती घेताना, डेटाबेसमध्ये लिहिताना किंवा दुसऱ्या प्रोग्रामशी बोलताना हातात येतात ते बाइट. तिथे योग्य करार लावून त्यांचा मजकूर करायचा असतो आणि बाहेर पाठवताना उलट. ही पायरी गाळली किंवा चुकीचा करार लावला, की तीन प्रकारची हानी होते.

पहिला प्रकार लांबीचा. नावासाठी २० बाइटची जागा ठेवलेली आहे असे समजू. इंग्रजीत लिहिलेले ज्ञानेश्वर हे नाव ११ बाइटमध्ये बसते. देवनागरीत त्याची १० चिन्हे म्हणजे ३० बाइट होतात. प्रोग्रामने २० व्या बाइटवर कात्री चालवली तर ‘ज्ञाने’पर्यंतचे १८ बाइट शाबूत राहतात आणि ‘श’चे तीनपैकी दोनच बाइट मागे उरतात. हे दोन बाइट कोणतेच अक्षर नसतात.

दुसरा प्रकार चुकीच्या वाचनाचा. ‘म’ या अक्षराचे बाइट २२४, १६४ आणि १७४ असे आहेत. पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या जुन्या ‘लॅटिन-१’ कराराने ते वाचले, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, चलनाची गोल खूण आणि नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण अशी तीन भलतीच चिन्हे उमटतात. या करारात २५६ पैकी प्रत्येक बाइटला काही ना काही अर्थ आहे. त्यामुळे वाचन कधीच अडत नाही, चूक कळत नाही आणि बिघडलेला मजकूर पुढे साठत जातो.

तिसरा प्रकार उलट दिशेचा, म्हणजे मजकूर नसलेल्या फाइलला मजकूर समजण्याचा. ओळ संपली हे सांगायला विंडोज १३ आणि १० असे दोन बाइट वापरते, तर युनिक्स आणि लिनक्स केवळ १०. म्हणून फाइल पाठवण्याच्या जुन्या एफटीपी पद्धतीत ‘मजकूर’ आणि ‘बायनरी’ असे दोन पर्याय असत. छायाचित्र मजकूर म्हणून पाठवले, तर त्यात योगायोगाने आलेल्या प्रत्येक १० च्या आधी १३ घुसवला जाई आणि चित्र कायमचे बिघडे.

चूक पकडण्याची सर्वांत चतुर युक्ती कोणती?

ती पीएनजी या चित्रप्रकारात आहे. १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या या प्रकारातील प्रत्येक फाइलची सुरुवात ठरलेल्या आठ बाइटने होते : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यातला एकही आकडा उगाच घेतलेला नाही. पहिला १३७ हा आस्कीच्या १२८ जागांबाहेरचा आहे. वाटेत एखाद्या जुन्या यंत्रणेने बाइटमधला आठवा बिट कापला तर तो लगेच बदलतो. पुढचे तीन आकडे म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे. त्यानंतरची १३-१० ही जोडी विंडोज पद्धतीची ओळसमाप्ती आहे. कोणी ती युनिक्स पद्धतीत बदलली तर १३ गळतो. २६ मुळे जुन्या डॉस प्रणालीत फाइल पडद्यावर ओतण्याचा प्रयत्न तिथेच थांबे. शेवटचा एकटा १० उलट दिशेचा बदल उघड करतो.

चित्र उघडणारा प्रोग्राम आधी हे आठ आकडे तपासतो. ते जुळले नाहीत तर कोणीतरी चित्राला मजकूर समजून हाताळले आहे हे पहिल्याच क्षणी कळते. रोज मोबाइलवर येणारे स्क्रीनशॉट अनेकदा याच प्रकारचे असतात. अर्धवट बिघडलेले चित्र दाखवण्यापेक्षा सुरुवातीलाच स्पष्ट नकार देणे बरे, हा त्यामागचा विचार आहे आणि तो सर्वच सॉफ्टवेअरला लागू पडतो.

इंग्रजी चाचणीत ही चूक का लपते?

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे आहे. पायथन २ मध्ये साधी ‘स्ट्रिंग’ म्हणजे प्रत्यक्षात बाइटची माळ होती. युनिकोड मजकुरासाठी वेगळा प्रकार होता. पण दोन्ही एकत्र जोडले तर भाषा कुरकुर न करता बाइटचे आपोआप मजकुरात रूपांतर करी आणि त्यासाठी आस्की गृहीत धरी. सगळे इंग्रजी असेपर्यंत हे बिनबोभाट चाले. पहिले देवनागरी नाव आले, की प्रोग्राम कोसळे.

देवनागरीचे यूटीएफ-८ मधील प्रत्येक चिन्ह २२४ या बाइटने सुरू होते आणि आस्की तर १२७ वर संपते. त्यामुळे भारतीय भाषांवर काम करणाऱ्यांच्या पडद्यावर ‘पहिल्याच बाइटचा अर्थ लागत नाही’ असा संदेश येई. चूक कोडमध्ये पहिल्या दिवसापासून असे, पण ती उघडी पडे ती वापरकर्त्याचे नाव मराठी, तमिळ किंवा अरबी असल्यावर. मग दोष कोडच्या माथी न जाता नावाच्या माथी मारला जाई.

पायथन ३ ने काय बदलले?

३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथन ३ ने हे आपोआप होणारे रूपांतर बंद केले. मजकूर आणि बाइट हे दोन पूर्णपणे वेगळे प्रकार झाले. ते जोडायचा प्रयत्न केला तर प्रोग्राम तिथेच थांबतो, मग आतला मजकूर इंग्रजी असो वा मराठी. म्हणजेच जी चूक पूर्वी परक्या लिपीतल्या ग्राहकाला सापडे, ती आता लिहिणाऱ्याला पहिल्याच चाचणीत सापडते.

याची किंमत मोठी होती. जुने कोड नव्या भाषेत चालेना. लाखो ओळी तपासून इथे मजकूर आहे की बाइट, हे एकेका ठिकाणी ठरवावे लागले. पायथन २ चा आधार आधी २०१५ मध्ये थांबवायचे ठरले होते. ती मुदत वाढवून १ जानेवारी २०२० करावी लागली. एका मूळ गृहीतकाची दुरुस्ती अकरा वर्षांहून अधिक काळ चालली.

तरीही काही फटी राहिल्या. पायथन ३ मध्ये मजकूर आणि बाइट यांची तुलना केली तर चूक दाखवली जात नाही, ‘समान नाहीत’ एवढेच उत्तर मिळते. पासवर्ड किंवा ग्राहक क्रमांक जुळत का नाही याचा शोध घेण्यात मग दिवस जातात. बाइटचे थेट मजकुरात रूपांतर करायला सांगितले आणि करार सांगितलाच नाही, तर भाषा त्या बाइटचे छापील रूप देते. त्याच्या सुरुवातीला इंग्रजी ‘बी’ आणि अवतरणचिन्ह असते. संकेतस्थळांवर किंवा ईमेलमध्ये नावाआधी असा आगंतुक ‘बी’ दिसतो तो यामुळेच. या दोन्ही फटींसाठी पायथनमध्ये खास सोय आहे. प्रोग्राम ‘-बी’ हा पर्याय देऊन चालवला तर अशा प्रत्येक ठिकाणी इशारा मिळतो. ‘-बीबी’ दिला तर इशाऱ्याऐवजी प्रोग्रामच थांबतो. चाचणीच्या वेळी हा पर्याय चालू ठेवायला काहीही खर्च येत नाही.

फाइलमध्ये काय आहे, हे संगणक ओळखू शकत नाही का?

अंदाज बांधू शकतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी गिट ही प्रणाली फाइलच्या सुरुवातीच्या ८,००० बाइटमध्ये शून्य किमतीचा बाइट शोधते. तो सापडला तर फाइल बायनरी मानते. साध्या मजकुरात शून्य बाइट येत नाही, हा त्यामागचा आडाखा. पण यूटीएफ-१६ या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जोडीला शून्य बाइट येतातच. त्यामुळे निव्वळ मजकूर असलेली अशी फाइल गिटला बायनरी वाटते आणि तिच्यात काय बदलले हे ती दाखवत नाही.

अंदाज किती हास्यास्पद ठरू शकतो, हे विंडोज एक्सपीच्या नोटपॅडने दाखवले. ‘बुश हिड द फॅक्ट्स’ हे चार इंग्रजी शब्द एका फाइलमध्ये लिहून ती जतन केली आणि पुन्हा उघडली, तर चिनी अक्षरे दिसत. त्यात राजकारण शोधणारेही निघाले. कारण साधे होते. त्या १८ बाइटची मांडणी पाहून नोटपॅडने त्यांना यूटीएफ-१६ मधील नऊ चिन्हे ठरवले होते. पुढे व्हिस्टामध्ये हा दोष गेला.

यूटीएफ-८ या बाबतीत अधिक भरवशाचे आहे. त्यात कोणत्या बाइटनंतर कोणता येऊ शकतो याचे कडक नियम आहेत आणि काही किमती, उदाहरणार्थ २५५, कधीच येत नाहीत. जेपीईजी छायाचित्राची सुरुवातच २५५ ने होते. त्यामुळे असे छायाचित्र मजकूर म्हणून वाचायला गेल्यास पहिल्याच बाइटला अडते. अट एकच, वाचन काटेकोर हवे. नियम मोडलेले दिसले की थांबायचे, डोळेझाक करायची नाही.

खात्रीचे उपाय कोणते?

पहिला उपाय सीमा आखण्याचा. बाइट आत येताच करार लावून मजकूर करावा, प्रोग्रामच्या आत केवळ मजकूर वापरावा आणि बाहेर पाठवताना पुन्हा बाइट करावेत. रूपांतराच्या जागा मोजक्या राहिल्या तर तपासायच्या जागाही मोजक्याच राहतात.

दुसरा उपाय प्रकारांची तपासणी. २०१५ मधील पायथन ३.५ पासून कोणत्या ठिकाणी कोणता प्रकार अपेक्षित आहे हे कोडमध्ये लिहिण्याची प्रमाणित सोय आहे. ‘मायपाय’सारखी साधने प्रोग्राम न चालवताच ते वाचतात आणि मजकुराच्या जागी बाइट जात असतील तर ओळ क्रमांकासह सांगतात. रस्ट या भाषेत तर मजकुराचा प्रकार वैध यूटीएफ-८ असलाच पाहिजे, अशी अट भाषेतच आहे.

तिसरा उपाय करार उघडपणे लिहिण्याचा. जावा भाषेत करार सांगितला नाही, तर तो संगणकाच्या मांडणीवरून ठरत असे. मग विकासकाच्या यंत्रावर चालणारे सॉफ्टवेअर ग्राहकाच्या यंत्रावर बिघडे. मार्च २०२२ मधील जावा १८ पासून यूटीएफ-८ हाच मूळ करार झाला. पायथन ३.१० मध्येही करार न सांगता फाइल उघडली, तर इशारा देण्याची ऐच्छिक सोय आहे.

चौथा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त टाळला जातो, तो म्हणजे चाचणीची माहिती बदलणे. नमुन्याच्या यादीत ज्ञानेश्वर, कृष्णा, श्रद्धा अशी जोडाक्षरी नावे, एखादी उर्दू आणि तमिळ नोंद आणि एखादे इमोजी घातले, की बहुतेक सरमिसळ पहिल्याच दिवशी उघडी पडते.

विभागणी प्रत्येक वेळी शक्य असते का?

नाही, आणि हे मान्य करणेही महत्त्वाचे आहे. लिनक्समध्ये फाइलचे नाव म्हणजे तिरकी रेघ आणि शून्य सोडून कोणत्याही बाइटची माळ असू शकते. ते वैध मजकूर असेलच याची हमी नसते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या मर्क्युरियल या प्रणालीला याचा चांगलाच ताप झाला. तिला फाइली आणि त्यांची नावे जशीच्या तशी, बाइट म्हणून जपायची होती. पायथन ३ ने मजकुराला दिलेले झुकते माप तिच्यासाठी गैरसोयीचे ठरले आणि तिचे स्थलांतर वर्षानुवर्षे रेंगाळले. रस्टने यावर तोडगा म्हणून प्रणालीकडून येणाऱ्या नावांसाठी तिसराच प्रकार ठेवला. जे मजकूर असेलच असे नाही, त्याला मजकूर म्हणायचे नाही, हे तत्त्व मात्र इथेही तेच राहते.

पडद्यावरून दोष ओळखता येतो का?

बऱ्याच प्रमाणात येतो. ‘मराठी’च्या जागी पाच साधी प्रश्नचिन्हे आली, तर प्रोग्रामला पाच चिन्हे समजली होती, पण ती देवनागरी न मावणाऱ्या करारात कोंबली गेली. अशा वेळी मूळ माहिती बहुधा गेलेली असते. तिरकी रेघ असलेला ए दर तीन खुणांनी येत राहिला, तर बाइट शाबूत असतात, केवळ चुकीच्या कराराने वाचलेले असतात आणि ते परत मिळवता येण्याची शक्यता असते. काळ्या चौकोनी हिऱ्यातले प्रश्नचिन्ह दिसले, तर एखादे चिन्ह मधेच तुटले आहे किंवा बाइट नियमात बसत नाहीत. रिकाम्या चौकटी दिसल्या, तर बहुधा फक्त फॉन्ट नाही आणि मजकूर ठीक आहे. नीट इंग्रजी अक्षरांचाच निरर्थक गोळा दिसला, तर श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्ट पद्धतीत मजकूर लिहिलेला असू शकतो. तक्रार करताना ‘मराठी दिसत नाही’ एवढेच न सांगता पडद्याचे चित्र जोडले, तर दुरुस्त करणाऱ्याला यातला नेमका प्रकार कळतो.

मग जबाबदारी कोणाची?

ही चूक भाषेची नाही, लिपीची नाही आणि नाव टाकणाऱ्याची तर नाहीच. तरीही तिची शिक्षा त्यालाच भोगावी लागते. दाखल्यावरचे नाव आणि बँकेतले नाव जुळत नाही म्हणून फेऱ्या मारतो तो नागरिक. त्यातला सर्वांत घातक भाग चुकीपेक्षा तिच्यावर घातलेल्या पांघरुणाचा आहे. प्रोग्राम थांबू नये म्हणून ‘न कळणारे बाइट सोडून दे’ अशी एक सूचना कोडमध्ये टाकली जाते. इशारा बंद होतो, काम पुढे सरकते आणि मराठी नावाच्या जागी रिकामी ओळ उरते. तक्रार येईपर्यंत हजारो नोंदी अशा झालेल्या असू शकतात आणि गाळलेले बाइट परत आणण्याचा मार्ग नसतो.

म्हणून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या सरकारी कार्यालयांनी, बँकांनी आणि शिक्षणसंस्थांनी ‘मराठीची सोय आहे’ या एका वाक्यावर समाधान मानू नये. देवनागरी नावांची नमुना यादी अर्जापासून डेटाबेस, संदेश आणि छापील कागदापर्यंत नेऊन ती अक्षर न् अक्षर तशीच परत येते का, ही चाचणी स्वीकृतीच्या अटींतच हवी. नावाची मर्यादा बाइटमध्ये न लिहिता चिन्हांत लिहिलेली हवी. न कळणारे बाइट गुपचूप गाळण्यास मनाई हवी. यातल्या कोणत्याही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. आठ आकड्यांची जी खबरदारी चित्राच्या एका फाइलसाठी १९९६ मध्ये घेतली गेली, तेवढी नागरिकाच्या नावासाठी घ्यायला हरकत नसावी.